नागपूर ते ओझर, एक तास चाळीस मिनिटं

नाही मॅडम, चुकत नाही तुमचं विमान — तीन वीसचं ना? आत्ता साडेनऊ वाजतायत, हे जव्हार मागं पडलंच, मोखाडा पाऊण तासात, मग तोरंगणचा घाट, त्र्यंबक, नाशिक आणि नाशिकच्या पलीकडं ओझरचा विमानतळ — एकशेपाच किलोमीटर. रस्ता खोदून ठेवलाय, तरी साडेतीन तासांच्या वर नाही. एकला सोडतो तुम्हाला दारात. तुम्ही काच थोडी वर घ्या, धूळ येते — हां, तेवढी बस. पुढचं मग सोपंच आहे. ओझर ते नागपूर सरळ रेषेत पाचशे पंचेचाळीस किलोमीटर, एक तास चाळीस मिनिटं. वारा कसा आहे त्यावर दहा-पाच मिनिटं इकडंतिकडं. म्हणजे बघा, एकशेपाचला साडेतीन तास आणि पाचशे पंचेचाळीसला पावणेदोनसुद्धा नाहीत. — हसलात ना. सगळेच हसतात. जीपवाल्याला कशाला पाहिजेत विमानाची किलोमीटर. मी तर विमानात बसलोबी नाही कधी. पण पाठ आहे. काही गोष्टी नको असल्या तरी पाठ होतात, त्यातलं.

माझी बहीण आहे तिकडं, नागपूरला. रविना. नर्स आहे — तुमच्याच लायनीतली. तुम्ही जव्हारला नर्सबायांना शिकवायला आला होतात ना चार दिवस, ते कळलं मला स्टँडवर. आमचा पाडा खोडाळ्यापासून आत, पायी पावणेदोन तास. गाडी जाते आता, पण चार महिने नाही जात, ओहोळाला पाणी असलं की. त्या पाड्यावरची पहिली नर्स ती. आश्रमशाळेत शिकली, मग नाशिकला नर्सिंग, मग तिकडं नागपूरला मोठ्या हॉस्पिटलात लागली. मी दहावीला गचकलो, ती पुढं गेली. सुट्टीला आली की अख्खा पाडा आमच्या ओट्यावर — कुणाला खोकला, कुणाचं पोर सुकलेलं, कुणाचा पाय सुजला. बाबा बाजूला बसून नुसते बघायचे. त्या दिवशी जेवायला दोन भाकरी जास्त खायचे. पुंजा त्यांचं नाव. आई आधीच गेलेली, मी बारा-तेराचा असताना. तेव्हा रविनाला बाबांनीच वाढवली म्हणा — शेतावर नेताना खांद्यावर, बाजाराला नेताना खांद्यावर.

मग तिनं तिकडंच लग्न केलं. होय, सहा वर्षं झाली. मुलगा गोंदियाकडचा, एक्स-रे काढतो, चांगला आहे म्हणतात — मी बघितलेला नाही. लग्न केलं त्याचं काही नाही हो, लोक करतात. पण तिची सुपारी फुटलेली होती इथं. उमेशशी — उमेश म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ, मोखाड्याला हापिसात क्लार्क आहे. मी स्वतः चार माणसं घेऊन गेलो होतो, मी शब्द टाकला होता. आणि भातलावणीच्या दिवसांत हिचा फोन — दादा, मी नोंदणी करून आले. आता तुम्ही सांगा, मी सासुरवाडीला काय तोंड घेऊन जायचं? बायको, वर्षा, उठून माहेरी गेली ती तीन महिने आली नाही. पोटरीएवढ्या चिखलात मी एकटा लावणी करतोय आणि बांधावरनं येणारा-जाणारा विचारतोय, काय मंगेश, बहीण कधी येणार? मुद्दाम विचारायचे. मग बाबांनी बोलणं टाकलं तिच्याशी. ताठ माणूस, म्हणाले नाव काढायचं नाही तिचं. नाही काढलं कुणी. चार वर्षं तशीच गेली.

हे मोखाडा. इथं काही पाहिजे तुम्हाला? पाणी आहे मागं, बाटली सील केलेली आहे. — नको? बरं. पुढं त्र्यंबकला चहा घेऊ, माझी ठरलेली टपरी आहे.

तर काय सांगत होतो — हां, बाबा आजारी पडले. दोन वर्षं झाली आता, असंच भात कापून झालेलं, खळ्यावर झोडणी चाललेली. पोटात पाणी झालं. नाशिकला नेलं, अकरा दिवस ठेवलं, मग डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, घरी न्या. तुम्हाला माहीत आहे घरी न्या म्हणजे काय. घरी आणलं. आणि मग बाबा धरून बसले, रविनाला बोलव. पोराला बघायचंय — तिला तोवर मुलगा झाला होता, दीड वर्षाचा; बाबांना ते बाजारात कुणाकडनं तरी कळलेलं. मी म्हणालो, लांब आहे, गाडीनं एक दिवस जातो, लहान पोर आहे. तर तिचाच फोन आला, दादा मी विमानानं येते, ओझरला उतरते, तू न्यायला ये. तेव्हा मी मोबाईलवर काढलं हे सगळं — किती किलोमीटर, किती वेळ. बाबांना वाचून दाखवलं. आता बाबांना किलोमीटर काय कळणार. ते म्हणाले, एक तास चाळीस म्हणजे केवढं? मी म्हणालो, आपण खोडाळ्याच्या बाजाराला चालत जातो ना, त्याच्यापेक्षा थोडं कमी. मग म्हणाले, एवढंच? मंग चार वरसं का नाय आली ती?

मी उठून बैलांना पाणी दाखवायला गेलो.

ती आली मॅडम. आली ती. सकाळचं विमान होतं, साडेअकराला उतरणार होती. घरी तर सणासारखं. बाबांची दाढी मी आदल्या दिवशी केली. पांढरा सदरा घातला, तो अंगात नुसता लोंबत होता, पोट तेवढं पुढं. सकाळी सहाला म्हणाले, मला ओट्यावर बसवा. वर्षानं कोंबडा कापला — होय, वर्षानं, तीच वर्षा. तिचा राग केव्हाच उतरला होता. उमेशचं लग्न होऊन त्याला पोरगी झाली होती, त्याला काही नव्हतं राहिलं. तो मला म्हणाला होता, रविना आली तर सांग, मी पण येतो पोराला बघायला. मी सातला निघालो. आणि नशीब बघा, तोरंगणच्या घाटात गाडी बसली. क्लच प्लेट. हे इथंच — हे वळण येतंय ना, दगडी कठड्याचं, त्याच्या अलीकडं. फोनला रेंज नाही, माणूस नाही, मेकॅनिक यायला दुपार झाली. ती तिकडं ओझरला पोर घेऊन थांबली, थांबली आणि परत गेली. आणि नऊ दिवसांनी बाबा गेले. असं झालं. त्या वेळेपासून हे डोक्यात बसलंय, पाचशे पंचेचाळीस, एक तास चाळीस. बसतं ना असं एखाद्याच्या.

ही टपरी. उतरा, पाय मोकळे करा — बसा इथं बाकावर, हा त्यातल्या त्यात धड आहे. दोन चहा द्या काका, एक साखर कमी. — हे काका ओळखतात मला. का नाही ओळखणार, त्या दिवशी याच बाकावर बसलो होतो मी, दहापासून दोनपर्यंत. सात चहा झाले. ते शेवटी म्हणाले, भाऊ, कुणाची वाट बघतोयस काय? मी म्हणालो, नाही. समोर फोन ठेवलेला, असा, इथं. तो वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. अकरा वेळा वाजला. मी मोजत होतो.

…

हां. बरोबर पकडलंत. घाटात गाडी बंद, रेंज नाही — मग मी त्र्यंबकला बाकावर कसा. दोन वर्षं लोकांना क्लच प्लेट सांगतोय मॅडम, एकानं नाही विचारलं. वर्षानं नाही विचारलं. कुणी घाट आणि टपरी एका दिवसात जोडून बघितलीच नाही. मीच आज जोडून दिली तुम्हाला. कंटाळा आला असेल मला. खरंच कंटाळा आलाय, ती क्लच प्लेट वाहून वाहून. चहा घ्या, गार होतो.

गाडीला काही झालं नव्हतं. गाडी उत्तम होती. मी इथपर्यंत आलो आणि चहाला म्हणून थांबलो आणि उठलो नाही. का? राग नव्हता. तुम्ही म्हणाल राग होता, नव्हता राहिला तोवर. सांगतो — चला, गाडीत सांगतो, तुम्हाला उशीर नको.

हे बघा, बाबांनी बोलणं टाकलं ते एक पावसाळा. तेवढंच. दसऱ्याच्या आत म्हणाले, फोन लाव पोरीला. पाड्यावर रेंज नाही, वर टेकडावर जावं लागतं, आणि फोन माझ्याकडं. मी वर गेलो, उभा राहिलो, खाली आलो, म्हणालो बंद लागतोय. तेव्हा मला राग होता, तेव्हा वर्षा माहेरी होती. परत पंधरा दिवसांनी म्हणाले, लाव. परत म्हणालो, बंद आहे, नंबर बदललाय वाटतं. आणि तिकडनं तिचा यायचा, मी जव्हारला स्टँडवर असलो की — दादा, बाबा काय म्हणतात? मी म्हणायचो, तुझं नाव काढू देत नाहीत घरात. ती रडायची. मग म्हणायची, बरं, जेवतात ना नीट? मी म्हणायचो, जेवतात. एकदा खोटं सांगितलं की झालं असं वाटतं ना — नसतं तसं. ते पाळावं लागतं मॅडम, जनावरासारखं, रोज वैरण टाकावी लागते. इकडं एक सांगायचं, तिकडं एक. तिनं पोराचा फोटो पाठवला, तो मी बाबांना दाखवला नाही. दाखवला असता तर ते म्हणाले असते, फोन बंद, मग फोटो कुठनं आला. रागबिग केव्हाच गेलेला, वर्षा परत आलेली, उमेशचं लग्न झालेलं, मी त्याच्या वरातीत नाचलो. पण हे चालूच. थांबवायचं कसं, ते नाही सुचलं. रोज वाटायचं, आता काहीतरी होईल आणि आपोआप मिटेल.

मी तुम्हाला मघाशी म्हणालो, तिचाच फोन आला म्हणून — तो आपोआप नाही आला. वर्षानं खोडाळ्याच्या बाजारात कुणाचा तरी फोन मागून तिला लावला होता. मला न विचारता. बाबा आजारी आहेत, या, एवढंच बोलली आणि लाईन तुटली. मग रविनानं मला लावला. म्हणाली, दादा, मी येते, बाबांनी हाकललं तरी चालेल, लांबनं बघीन. लांबनं बघीन म्हणाली, आणि इकडं म्हातारा रोज विचारतोय. मी काय म्हणालो? म्हणालो, ये, मी येतो न्यायला. दुसरं काय म्हणणार.

आणि त्या दिवशी गाडी चालवताना, मोखाड्याच्या पुढं, माझ्या डोक्यात आलं — ही दोघं एका ओट्यावर बसणार. बाबा म्हणणार, फोन का बंद ठेवलास गं पोरी. ती म्हणणार, बाबा, मी तर दर महिन्याला करत होते. दोन मिनिटं नाही लागणार. दोन मिनिटांत दोघं माझ्याकडं बघणार. वर्षा चुलीपाशी, ती पण बघणार. ते बघणं मला नाही सोसलं. बस, एवढंच आहे कारण. बाकी काही नाही. लोक किती मोठमोठ्या कारणासाठी वाईट वागतात, माझं एवढंसं होतं. ती साडेपाचशे किलोमीटर उडून आली लहान पोर घेऊन, पहिल्यांदा विमानात बसली होती, आणि मला त्या टपरीपासून पुढं पन्नास किलोमीटर जाता आलं नाही.

दोनला तिचा मेसेज आला. अजून आहे फोनमध्ये, काढला नाही मी. — कळलं दादा. बाबांना सांग, आले होते. — तिला वाटलं बाबांनीच अडवलं मला. तिला दुसरं काय वाटणार, चार वर्षं मी तेच सांगितलेलं. संध्याकाळच्या गाडीनं गेली परत.

मी घरी गेलो तर बाबा अजून ओट्यावरच. सदरा तसाच. वर्षा म्हणाली, आत यायला तयार नाहीत. मी म्हणालो, विमान रद्द झालं. हे बाबांना म्हणालो, पण त्यांच्याकडं बघून नाही. वर्षाला आत जाऊन क्लच प्लेट सांगितली — एकाला हे, एकाला ते, दोन्ही एकदम. तिनं कोंबड्याचा रस्सा शेजारी वाटून टाकला. आणि बाबा काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, मंग उद्या येल. जवळ तर आहे. खोडाळ्याच्या बाजाराएवढं तर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत, मला ओट्यावर बसवा. तिसऱ्या दिवशी परत. उन्हं बघायचे — आता निघाली असंल तर जेवायच्या वख्ताला येल. जेवायची वेळ टळली की म्हणायचे, आता निघाली असंल तर दिवेलागणीला येल. ते एक तास चाळीस मी दिलेलं त्यांना, मीच वाचून दाखवलेलं. दुसरं काही आठवत नव्हतं शेवटी, माणसं ओळखत नव्हते, पण ते तेवढं राहिलं. आठ दिवस असंच मोजलं. नवव्या दिवशी ओट्यावर आणायला गेलो तर उठले नाहीत.

तिला मी दिवसकार्य उरकल्यावर कळवलं. होय, आधी नाही. आधी कळवलं असतं तर आली असती. फोनवर एकच विचारलं तिनं — दादा, शेवटी काही म्हणाले का बाबा?

मी म्हणालो, नाही. काही नाही म्हणाले.

त्यावर ती बरं म्हणाली आणि ठेवला. दोन वर्षं झाली, नंतर ना तिचा आला ना मी केला.

हे आलं बघा, ओझर. एकला पाच कमी. — नाही हो, रडत नाही, धुळीनं होतं तसं. खरं सांगायचं तर आज भाड्याचा नंबर माझा नव्हता, आमच्या स्टँडवरच्या गौतमचा होता. स्टँडवर कळलं नागपूरच्या नर्सिंगवाल्या मॅडम ओझरला जाणार आहेत, तर मी त्याला म्हणालो, तू उद्या माझी खोडाळ्याची फेरी घे, हे भाडं मला दे. मनात होतं, तुम्हाला विचारीन, तिच्या हॉस्पिटलात तुमची ओळख असेल, तुम्ही जाऊन सांगा तिला. मी लिहून देतो, नाहीतर तोंडी सांगा. बाई माणूस नीट सांगेल. असं ठरवून निघालो होतो. पण घाट चढताना लक्षात आलं, हे तेच झालं की परत. टपरीवर बसून दुसऱ्याला पुढं पाठवायचं. म्हणून मग नुसतं क्लच प्लेटवर ठेवलं होतं. नंतर ते टपरीवर तोंडातनं निघालं.

कोण, मी? आत्ता? — नाही उचलणार ती. माझा नंबर दिसल्यावर कशाला उचलेल. ड्यूटीवर असेल. तुम्ही जा, आत ओळखपत्र बघतात दारात, रांग असते. बॅग काढून देतो मागनं. … तुम्ही अशा उभ्या नका राहू मॅडम. गाडी इथं जास्त वेळ लावू देत नाहीत, ते बघा, शिट्टी मारतोय तो. … बरं. लावतो फोन. तुमच्या समाधानासाठी लावतो. वाजतोय नुसता. बघा, म्हणालो ना, नाही उच —

हॅलो. रवी. मी, दादा. … नाही, नाही, सगळी बरी आहेत, वर्षा बरी आहे. कुणाला काही नाही झालं. … ओझरला आहे. विमानतळाच्या दारात. … हां. आलो. … माहीत आहे गं. माहीत आहे मला किती उशीर झाला. … ठेवू नको. एवढं ऐक आणि मग ठेव. तू विचारलं होतंस ना, बाबा शेवटी काय म्हणाले —

तुम्ही व्हा पुढं, मॅडम. आता हे तुमच्यासमोर नको.